घाटांत हरवलेला ब्रेक

बीड जिल्ह्याच्या नकाशावर बालाघाटची डोंगररांग आडवी पसरलेली दिसते. तिच्या उत्तरेस गेवराई-माजलगांवकडील गोदावरीचें सखल खोरें, आणि दक्षिणेस पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई यांचें पठार. एका भागांतून दुसऱ्या भागांत ज्याला जावयाचें त्याला कोठें तरी घाट ओलांडावाच लागतो. बीडहून सोलापूरच्या वाटेला मांजरसुंब्याचा घाट आहे. तेलगांवहून वर चढतांना धारूरचा आहे. बीड शहरापर्यंत आगगाडी पोंचली ती २०२५ सालीं. तोंपर्यंत या गांवाचें सारें येणेंजाणें रस्त्यावरूनच झालें. अशा मुलखांत मोटारीच्या इंजिनापेक्षां तिच्या ब्रेकची विचारपूस अधिक व्हावयास हवी. होतें मात्र उलटें. गाडी चालू होत नाहीं म्हटल्यावर घरांतलीं सारीं माणसें भोंवतीं जमतात. ब्रेक जरा खालीं लागतो असें चालकानें सांगितलें, तर 'बघूं पुढच्या आठवड्यांत' असें उत्तर मिळतें.

या खडकाळ भागाला मानवलेली मोटार म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धांत विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें पुढें स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत विलिसच्या जीपची जुळणी आरंभिली, आणि त्याच वळणाची गाडी थोड्याफार फरकानें कित्येक दशकें या देशांत निघत राहिली. सरकारी कचेऱ्या, बागाईतदार, डॉक्टर, खेड्यापाड्यांतून उतारूंची ने-आण करणारे, अशा अनेकांच्या दारीं ती उभी असे. तसली जुनी जीप आज शहरांतील हौशी घरांतहि प्रेमानें जपलेली आढळते. रंग चकचकीत असतो, टप नवा असतो, दिवे घांसलेले असतात. ब्रेकच्या नळ्यांत काय आहे हें मात्र कोणी पाहिलेलें नसतें.

एक प्रसंग कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. धारूरच्या एका घरीं अशीच एक जुनी जीप आहे. मालक पुण्याला नोकरीस. गाडी आणि शेत दोन्ही पाहणारा चालक साठीच्या घरांतला, वीस वर्षें याच गाडीवरचा. घरांतलीं मुलें त्याला काका म्हणतात, आणि मुलांचें ऐकून मालकहि म्हणूं लागले आहेत. दिवाळीच्या सुट्टींत मंडळी गांवीं येतात, आणि एके दुपारीं पांच माणसें व सोयाबीनचीं दोन पोतीं घेऊन गाडी तेलगांवच्या बाजूला घाट उतरूं लागते. अर्धा घाट संपतो न संपतो तोंच काकांच्या पायाखालचें पेडल थेट पत्र्याला जाऊन टेकतें. काका दोन-तीनदां पेडल मारून पाहतात. कांहीं उपयोग होत नाहीं. ते खालचा गियर टाकतात, हातब्रेक ओढतात, आणि डोंगराच्या बाजूच्या चरांत डावीं चाकें घालून गाडी कशीबशी थांबवितात. कोणाला दुखापत होत नाहीं. पाऊण तास सारे रस्त्याच्या कडेला बसून राहतात. मग मालक स्वतः चालकाच्या जागीं बसून पेडल दाबतात, आणि चकित होतात. पेडल वर आहे, घट्ट आहे, जसें असावें तसें आहे!

तेलगांवच्या रस्त्यावर एक मिस्त्री भेटतो. तो खालीं शिरून पाहतो. सर्व नळ्या कोरड्या आहेत. टांकी भरलेली आहे. तो म्हणतो, "मालक, ब्रेकमध्यें कांहींच बिघाड दिसत नाहीं." मालक काकांकडे वळतात. "काका, राग मानूं नका, पण घाईंत तुमचा पाय क्लचवर पडला असेल. आतां वय झालं." काका एवढेंच म्हणतात, "मालक, पाय ब्रेकवरच होता. ब्रेकच नव्हता."

ब्रेक अर्धा घाट असतो, मग नसतो, पाऊण तासानें पुन्हां असतो. हें घडूं शकतें काय? घडत असेल तर काकांची बाजू खरी. नसेल तर वीस वर्षांची नोकरी त्या दुपारींच संपली.

याचें उत्तर शोधावयाचें तर या ब्रेकची रचना थोडीशी ध्यानांत घेतली पाहिजे. बंदिस्त द्रवावर एका जागीं दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा नियम पास्कल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत मांडला. त्याच नियमावर मोटारीचा ब्रेक चालतो. चालकाच्या पायाखालीं एक नळकांडें असतें, त्याला मिस्त्री मास्टर सिलिंडर म्हणतात. पेडल दाबलें कीं त्यांतील दट्ट्या पुढें सरकतो, आणि नळ्यांतील द्रव चारहि चाकांतील लहान सिलिंडरांकडे ढकलला जातो. तेथील दट्टे ब्रेकचे शू बाहेर लोटतात, शू फिरत्या ड्रमवर घांसतात, आणि चाक थांबतें. युद्धकाळच्या विलिस जीपमध्यें पुढच्या चाकांचे सिलिंडर १ इंच व्यासाचे आणि मागच्या चाकांचे पाऊण इंचाचे होते. व्यासाचा वर्ग घेतला तर हें प्रमाण १६ ला ९ असें पडतें. म्हणजे एकाच पायाच्या दाबानें पुढचे शू मागच्यांच्या पावणेदोनपट जोरानें लोटले जातात. उतारावर गाडीचा भार पुढें येतो, तेव्हां ही योजना योग्यच आहे.

पण तिच्यांत एक उणीव होती. चारहि चाकांना मिळून द्रवाचा मार्ग एकच. एका चाकाची नळी फुटली कीं चारहि ब्रेक गेले. अलीकडच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग असतात, जुन्या जीपमध्यें ते नाहींत. शिवाय तिची द्रवाची टांकी बॉनेटखालीं नसून चालकाच्या पायांखालच्या पत्र्याआड असते. तिचें झांकण उघडावयाचें म्हणजे आधीं पायपुसणें उचला, मग धूळ झाडा, मग पत्र्यावरचें लहान झांकण काढा. एवढें करण्याचा कंटाळा कोणाला नाहीं? टांकी कोणी पाहत नाहीं याचें निम्में कारण या जागेंत आहे.

आतां पेडलकडे येऊं. बिघाड कोठें आहे हें गाडी खोलण्यापूर्वीं पेडलच सांगत असतें, ऐकणाऱ्याला पाय मात्र शांत ठेवतां आला पाहिजे. गाडी उभी करून पेडल एकदां दाबावें. तें फार खालीं जाऊन मग घट्ट लागलें, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा दाबतांच वर लागलें, तर द्रवाचा दोष नव्हे. लायनर झिजून शू आणि ड्रम यांतील अंतर वाढलें आहे. ड्रममागील बोल्ट फिरवून तें जुळवून घ्यावें. तेंच पेडल कितीहि वेळां मारलें तरी पायाला मऊ, स्पंजासारखें लागत असेल, तर नळ्यांत हवा शिरली आहे. द्रव दाबला जात नाहीं, हवा दाबली जाते. पायाचें बळ चाकापर्यंत न जातां त्या हवेच्या फुग्यांतच विरून जातें.

तिसरी खूण अधिक फसवी आहे. पेडल घट्ट लागतें, पण पाय तसाच दाबून धरला तर तें हळूहळू खालीं उतरत जातें. अशा वेळीं आधीं चारहि चाकांची आंतली बाजू, रबरी होज आणि नळ्यांचे सांधे पाहावे. कोठें ओल दिसली, रंग सुटलेला दिसला, तर गळती तेथें. कारण हा द्रव रंग खातो. कोठेंच ओल नसेल आणि टांकींतली पातळीहि उतरत नसेल, तर मास्टर सिलिंडरांतील रबरी वाटी झिजली असून द्रव तिच्या कडेनें मागच्या मागें परत जात आहे. या दोषाची मोठी अडचण ही कीं जोरानें पेडल मारलें तर तो लपतो, आणि हलक्या पायानें धरून ठेवलें तर उघड होतो. पुष्कळ मिस्त्री पेडल जोरानेंच मारून पाहतात.

चौथी खूण पेडलची नव्हे, चाकाची. ब्रेक सोडल्यावरहि चाक मोकळें होत नाहीं. येथें कारणें अनेक, पण त्यांची विभागणी सोपी आहे. चारहि चाकें धरत असतील तर दोष मास्टर सिलिंडरकडचा. पेडलला सुमारें अर्धा इंच मोकळी चाल नसली, तर दट्ट्या पुरता मागें येत नाहीं, आणि द्रव टांकींत परत जाण्याचें बारीक भोंक झांकलेलेंच राहतें. एकच चाक धरत असेल तर तें जॅकवर उचलावें व त्याचा निपल किंचित सैल करावा. द्रवाची पिचकारी उडून चाक मोकळें झालें, तर दाब आंत अडकला होता. बहुधा रबरी होज आंतून फुगून बंद झाला आहे. निपल सोडूनहि चाक मोकळें झालें नाहीं, तर द्रवाला दोष देऊं नये. सिलिंडरचा दट्ट्या गंजून अडकला आहे, शूची कमान तुटली आहे, किंवा कोणी तरी शू नको इतके आवळले आहेत.

येथें त्या द्रवाविषयीं बोललें पाहिजे. लोक त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, आणि या नांवानेंच मोठा घात केला आहे. तें तेल नव्हेच. ऑइल कमी झालें म्हणून एखादा क्लीनर इंजिनाचें ऑइल त्यांत ओततो, किंवा सिलिंडर स्वच्छ व्हावा म्हणून रॉकेलनें धुतो. खनिज तेल लागलें कीं ब्रेकच्या रबरी वाट्या फुगतात, मऊ पडतात. आधीं सारे ब्रेक धरून बसतात आणि मग गळूं लागतात. असें एकदां झालें तर नुसता द्रव बदलून भागत नाहीं; प्रत्येक वाटी, प्रत्येक होज बदलावा लागतो. सिलिंडर धुवावयाचा तो त्याच ताज्या द्रवानें किंवा स्पिरिटनें.

खऱ्या ब्रेक ऑइलचा दुसरा स्वभाव असा, कीं तें हवेंतील ओल शोषून घेतें. टांकीच्या झांकणाला हवेसाठीं बारीक छिद्र असतें. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, आणि पाणी न दिसतां त्यांत मुरत राहतें. डबीवर 'डॉट ३' असें छापलेलें असतें, त्या जातीचें कोरें ऑइल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये असा नियम आहे. त्यांत शेंकडा पावणेचार भागांच्या आसपास पाणी मुरलें, कीं हाच आंकडा १४० पर्यंत खालीं येऊं शकतो. सपाट रस्त्यावर दोन्ही सारखींच. लांब उतारावर पाय ब्रेकवर ठेवून येणाऱ्या गाडीचे ड्रम तापतात, ती उष्णता शूमधून सिलिंडरला पोंचते, आणि जुनें ऑइल तेथेंच उकळतें. उकळलें कीं वाफ झाली. वाफ हवेसारखी दाबली जाते. पेडल पत्र्याला टेकतें. गाडी थांबून थंड झाली कीं वाफेचा पुन्हां द्रव होतो, पेडल वर येतें, आणि गळतीचा एक थेंबहि कोठें दिसत नाहीं.

म्हणजे काका म्हणत होते तें अशक्य नव्हतें. पण शक्य असणें निराळें आणि तसेंच झालें हें ठरणें निराळें. मालकांचा तर्क क्लचवर होता. तोहि तपासून पाहिला पाहिजे.

जीपचा क्लच द्रवानें चालत नाहीं. तो तारेनें किंवा लोखंडी दांड्यांनीं ओढला जातो. त्यामुळें तेथें हवा शिरणें, वाफ होणें हे प्रकार नाहींत. १९५८ सालीं निघालेल्या दुसऱ्या मालिकेच्या लँड रोव्हरसारख्या गाड्यांत मात्र क्लचलाहि ब्रेकसारखाच मास्टर सिलिंडर असतो, आणि गियरपेटीजवळ त्याच्या हुकमांत चालणारा दुसरा लहान सिलिंडर असतो. तेथील दोष ओळखण्याची रीत वरच्यासारखीच आहे. गियर टाकतांना खरखर होते, पण पेडल दोन-तीनदां मारल्यावर गियर मुकाट्यानें पडतो, तर हवा किंवा गळती समजावी. एकानें पेडल दाबून धरावें आणि दुसऱ्यानें खालीं त्या लहान सिलिंडरची दांडी पाहावी. दांडी पुरती बाहेर येऊन हळूहळू मागें सरकली तर रबरी वाटी गेली. ती पुरती बाहेर येऊन तशीच राहिली आणि तरीहि गियर पडत नसेल, तर द्रवाचें काम चोख आहे. दोष क्लचप्लेटचा आहे, आणि मोठें काम निघणार आहे. क्लच गेलेली गाडी कसलेला चालक गियरमध्येंच सुरू करून सपाटीवरून घरीं आणूं शकतो. ब्रेकचें तसें नाहीं.

काकांचा पाय चुकून क्लचवर पडला असता तर काय झालें असतें? इंजिन चाकांपासून सुटलें असतें आणि त्याचा आवाज एकदम खालीं बसला असता. मागें बसलेल्या मुलांना मिस्त्री विचारतो, "गाडी पळत होती तेव्हां इंजिन कसं वाजत होतं?" मुलें म्हणतात, "खूप मोठ्यानं! काकांनीं गियर टाकला तेव्हां तर किंचाळलं." मिस्त्री मालकांकडे पाहतो. क्लच दाबलेला असतां इंजिन गाडीच्या वेगानें किंचाळत नाहीं.

आतां तो निराळीच परीक्षा करतो. गाडी सपाट रस्त्यावर मैलभर ब्रेकला पाय न लावतां चालवितो, हातब्रेकनें थांबवितो, आणि चारहि चाकांच्या मध्याजवळ हाताची पाठ नेतो. तीन चाकें थंड आहेत. डाव्या बाजूचें मागचें चाक चटका बसेल इतकें तापलें आहे. जॅक लावून तो निपल सैल करतो. चाक तसेंच जड. मग ड्रममागचा बोल्ट थोडा सोडतो, आणि चाक फिरूं लागतें. मालक येणार म्हणून आठवड्यापूर्वीं ब्रेक वर लागावे अशी खटपट झाली होती. नवे लायनर बसविले होते, आणि पेडल उंच यावें म्हणून शू आवळले होते. तें एक चाक तेव्हांपासून सतत घांसत होतें.

"ऑइल केव्हां बदललं होतं?" मिस्त्री विचारतो.

"कमी झालं कीं भरतों," काका म्हणतात.

"भरतां तें ठीक. पण जुनं काढलं केव्हां?"

काकांना आठवत नाहीं. मालकांना तर हें काढावयाचें असतें हेंच ठाऊक नव्हतें. टांकी भरलेली आहे एवढें पाहून मिस्त्री स्वतः तासापूर्वीं 'बिघाड नाहीं' म्हणाला होता, तेंहि आतां त्याला बोलून दाखवावेंसें वाटत नाहीं.

काकांचाहि थोडा वांटा यांत आहे, तो लपविण्याचें कारण नाहीं. पांच माणसें, दोन पोतीं, आणि गाडी वरच्याच गियरमध्यें. सारा वेग ब्रेकनें आवरावयाचा म्हणजे ड्रम तापणारच. या जीपला गियर तीनच, आणि पहिला चालत्या गाडींत सहजासहजीं पडत नाहीं. म्हणून उतरण्याचा गियर घाटाच्या माथ्यावरच ठरवावा लागतो. हातब्रेकविषयीं एक गोष्ट येथेंच सांगण्यासारखी आहे. या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो, आणि त्याचा द्रवाशीं कांहींहि संबंध नाहीं. चारहि चाकांना ओढ देणारा दांडा टाकलेला असेल, तर तो चारहि चाकांना आवरतो. घाटांत काकांच्या हातीं तेवढेंच एक साधन उरलें होतें. पुष्कळ घरीं तें वर्षानुवर्षें सैल पडलेलें असतें, कारण गाडी उभी करतांना चाकाला दगड लावण्याची संवय असते.

ऑइल बदलण्याचें काम दोघांचें आहे. बोल्ट सुटल्यावर मिस्त्री सर्वांत लांबच्या चाकाशीं बसतो, निपलला रबरी नळी लावतो, तिचें दुसरें टोंक थोडें ताजें ऑइल घातलेल्या कांचेच्या बरणींत बुडवितो. पेडलवर मालक बसतात.

"दाबा."

मालक दाबतात.

"धरा. सोडूं नका."

निपल उघडतो, बरणींत ऑइल येतें, निपल बंद होतो.

"आतां सोडा."

हा क्रम चुकतां कामा नये. निपल उघडा असतां पेडल वर आलें, तर नळी हवा ओढून घेते आणि सारें काम पहिल्यापासून करावें लागतें. काका टांकीशीं बसून ती रिकामी होऊं देत नाहींत. बरणींत पहिल्यानें येतें तें ऑइल काळ्या चहासारखें आहे आणि तळाशीं गाळ बसतो. हळूहळू त्याचा रंग उतरतो. बुडबुडे येणें थांबतें. शेवटीं डबींतल्यासारखें स्वच्छ येऊं लागतें. मग पुढचें चाक. बरणींतलें ऑइल पुन्हां वापरावयाचें नसतें, आणि उघडून वर्षभर ठेवलेली डबीहि नाहीं. ओल तिच्यांतहि शिरलेली असते. वर्ष-दोन वर्षांनीं एकदां सारें ऑइल बदलावें; खर्च फारसा नाहीं, एक दुपार जाते.

सायंकाळीं गाडी घाट चढून धारूरला परत येते. चढाला ब्रेकची परीक्षा होत नाहीं, म्हणून दुसरे दिवशीं सकाळीं मालक आणि काका दोघेच पुन्हां खालीं उतरावयास निघतात. घाटाच्या माथ्यावर काका गाडी उभी करतात, पेडल एकदां दाबून, धरून, तें खालीं जात नाहीं हें पाहतात, आणि दुसरा गियर टाकतात. गाडी इंजिनाच्या आवाजावर उतरूं लागते. ब्रेक वळणापूर्वीं थोडा लागतो आणि सुटतो. तेलगांवच्या अलीकडे गाडी थांबते. मालक खालीं उतरून स्वतःच चारहि चाकांजवळ हाताची पाठ नेऊन पाहतात. चारहि सारखींच कोमट आहेत.